निशारांची हजेरी: सोलापुरातल्या एका खेळगटाचं प्रकरण

काय घडलं

सोलापुरातला एक टेबलटॉप रोलप्लेइंग गट, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन गोष्ट खेळणारी माणसं. मोहिमेचं, म्हणजे बऱ्याच बैठकांत चालणाऱ्या गोष्टीचं, नववं सेशन चालू होतं. खेळातल्या काल्पनिक जमातींच्या सभेत चार खेळाडूंनी एकमताने ठराव केला: निशार जमातीच्या तळावर रोज सूर्यास्ताला माणसं मोजायची, नावं वहीत लिहायची, आणि न विचारता कुणी तळ सोडला तर त्याचं एक जनावर जप्त करायचं. पाचवा खेळाडू निशार पात्र खेळत होता. तो उरलेला दीड तास जवळजवळ बोलला नाही. पुढच्या दोन सेशनना तो आला नाही.

खेळाच्या नियमांत बसेल असंच सगळं झालं होतं. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, नियमाप्रमाणे मतं घेतली, खेळाडू आपापल्या पात्राला साजेसं वागले. कुणी कुणाला टोमणा मारला नाही, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. एवढं असूनही टेबलावर जे उभं राहिलं ते याच शहरात कधीकाळी खरोखर उभं होतं. ते तिथवर कसं पोचलं आणि गटाने पुढे काय केलं, ते इथे टप्प्याटप्प्याने मांडलं आहे. गटातल्या माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. खेळाडूंना अ, ब, क, ड, ई अशी अक्षरं दिली आहेत.

पार्श्वभूमी

एक डीएम, पाच खेळाडू. एक रविवार सोडून एक रविवार, संध्याकाळी पाच ते नऊ. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ चे. जग मात्र डीएमने स्वतः रचलेलं: करडा माळ नावाचं कोरडं पठार, त्यावर सहा जमाती, आणि पठाराच्या उत्तरेला चौकोट नावाचं दगडी तटबंदीचं राज्य.

तोरख घोडे पाळतात, वेहर मेंढरं. उंबळ नदीकाठी शेती करतात, धसाड खाणीतून लोखंड काढतात, सोमट मीठ वाहतात. निशार फिरस्ते आहेत, गाढवांवर सामान लादून रात्री ताऱ्यांच्या अंदाजाने प्रवास करतात. अ वेहर प्रमुखाची मुलगी खेळत होती, ब तोरख, क निशार, ड उंबळ आणि ई धसाड. सोमट डीएमच्या हातात.

डीएमकडे जगाची ४० पानी वही होती. तीत निशारांबद्दल तीन ओळी अशा:

"निशार जन्मजात चोर. पोर चालायला लागलं की त्याला कुलूप उघडायला शिकवतात. निशार भामटे असतात हे पठारावर सगळ्यांना ठाऊक आहे."

या तीन ओळींतून तीन नियम निघाले. निशार पात्राला चपळाईत अधिक २ आणि हातचलाखीचं कौशल्य फुकट. प्रत्येक जमातीशी निशारांचं नातं सुरुवातीलाच उणे २. आणि सभेत आसन नाही. सभेची आसनं पाच, निर्णय साध्या बहुमताने.

खेळाच्या बाजूने पाहिलं तर अशी मांडणी नवखी नाही. याच खेळाच्या २०१६ च्या एका पूरक पुस्तकात ऑर्क या राक्षसी वंशाच्या पात्राला बुद्धिमत्तेत उणे २ मिळत होते. म्हणजे अख्खी जात मंद, आणि तेही नियमानेच. तो उणे अंक २०२० मध्ये काढला गेला, त्याच वर्षी वंशामुळे मिळणारे अंक हवे तिकडे हलवायची मुभा आली, आणि २०२४ च्या नियमांत हे अंक वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले गेले. हा डीएम २०१४ च्या नियमांवर वाढलेला होता. एखाद्या जमातीला एक स्वभाव चिकटवणं त्याला नकाशात नदी काढण्याइतकंच साधं वाटलं.

अडचण कुठून सुरू झाली

नवव्या सेशनच्या सुरुवातीला सभेचं मानाचं शिंग चोरीला गेलं. शिंगाशिवाय मिठाचा करार पक्का होत नाही, म्हणून सगळ्यांना घाई. संशय निशारांवर गेला. पुरावा काहीच नव्हता. वहीतली ती ओळ मात्र सगळ्यांना पाठ होती.

क ने प्रयत्न केला. त्याचं पात्र सभेबाहेरून बोलू शकत होतं, पण मत मिळवायचं तर प्रमुखांना एकेकटं गाठून पटवावं लागणार. इथे आकडे बघण्यासारखे आहेत. मन वळवण्याचा डीसी, म्हणजे फासा आणि कौशल्य मिळून गाठायचा आकडा, १०, आणि नातं उणे असेल तर दर अंकामागे २ वाढवायचे, असा या टेबलाचा घरचा नियम होता. म्हणजे इतरांना डीसी १०, निशाराला १४. क च्या पात्राला बोलण्यात अधिक १. वीस बाजूंच्या फाशावर त्याला १३ किंवा जास्त पडायला हवं, म्हणजे शंभरात ४० वेळा. त्याच जागी दुसऱ्या जमातीचं पात्र असतं तर ९ पुरले असते, शंभरात ६० वेळा. पाचांतली तीन मतं लागतात, तेव्हा तिघांना पटवायचं. निशाराला हे शंभरात साधारण ६ वेळा जमणार, इतरांना २२ वेळा.

क चे तीनपैकी दोन फासे फसले. सभेचं राजकारण त्याला बंदच होतं. त्या संध्याकाळी ते फक्त फाशावर दिसलं.

मग अ म्हणाली, "मोजून घ्या की सगळ्यांना, रोज संध्याकाळी. हजेरी लावा." ब ने जनावर जप्तीची भर घातली. ड आणि ई ने हात वर केले. वेहर प्रमुखाच्या मुलीच्या तोंडी ते वाक्य शोभणारंच होतं. तिच्या मेंढरांना चोरीची भीती होती आणि आरोप करायला तिला काही मोजावं लागत नव्हतं.

या प्रकरणाचा सांधा इथेच आहे असं आमचं मत आहे. असा प्रसंग घडला की लोक आधी खेळाडूंच्या मनात काय होतं ते शोधतात. इथे आधी नियम तपासायला हवा होता. आरोप फुकट होता, आरोपीला आसन नव्हतं, आणि वहीने निकाल आधीच लिहून ठेवला होता. अशा टेबलावर भलं माणूसही हजेरीपर्यंतच पोचतं, कारण सगळ्यात सोपी वाट तीच असते.

टेबलाबाहेरचा इतिहास

क चं घर विमुक्त समाजातलं. हजेरी हा शब्द त्याने आजीकडून ऐकलेला.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. माणसाने काय केलं हे बघायची गरज नव्हती, तो कुणाच्या पोटी जन्मला एवढं पुरे होतं. नावनोंदणी, ठरावीक वेळेला हजेरी, गाव सोडायचं तर पास, आणि चुकलं तर शिक्षा. १९११ आणि १९२४ मध्ये हा कायदा नव्याने बांधला गेला. या जमातींना कुंपणाच्या वसाहतींत ठेवलं गेलं. सोलापुरातही अशी वसाहत होती, आणि तिथली माणसं शहराच्या कापड गिरण्यांत राबत. कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. विमुक्त हा शब्द तेव्हापासूनचा.

गटातले पाचही जण सोलापुरात वाढलेले. त्या वसाहतीच्या भागाचं सेटलमेंट हे नाव सगळ्यांनी पत्त्यात ऐकलेलं, रिक्षावाल्याला सांगितलेलं. ते नाव कशावरून पडलं, हे क सोडून कुणाला माहीत नव्हतं.

भाषेनेही हातभार लावला. ट्राइब या शब्दाला डीएमने वहीभर टोळी हा शब्द वापरला होता. मराठीत हूणांच्याही टोळ्या असतात आणि दरोडेखोरांचीही टोळीच असते. तोरखांची टोळी म्हटलं की घोडेस्वार डोळ्यांपुढे येतात, निशारांची टोळी म्हटलं की पोलीस पंचनामा. भामटा शब्दाचं तर विचारूच नका. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ नावं आहेत आणि त्यांतल्या दोनांत हा शब्द आहे. जमातीचं नाव बोलीत शिवीही आहे आणि तीच शिवी डीएमने एका काल्पनिक जमातीच्या वर्णनात पुन्हा लिहिली. त्याला हे माहीत नव्हतं.

पहिला निर्णय: टेबलावर थांबायचं की नाही

ठराव मांडला गेला तेव्हा डीएमने "नक्की?" एवढंच विचारलं आणि मतं मोजली. क ने फासे पिशवीत भरले ते त्याला दिसलं होतं. सेशन थांबवायला एक वाक्य पुरलं असतं: "दहा मिनिटं चहा घेऊ." कारण सांगायची गरज नसते. कुणी थांबा म्हटलं की प्रश्न न विचारता थांबायचं, यासाठी एक्स कार्डासारखी साधनं याच खेळांत वापरात आहेत. या गटाच्या डब्यातही ते कार्ड होतं. पहिल्या दिवशी ते दाखवलं गेलं, पण कसं वापरायचं ते कुणी सांगितलं नाही. नऊ सेशन ते मिनिएचरच्या, म्हणजे पात्रांच्या छोट्या पुतळ्यांच्या, खाली पडून होतं.

दुसरा निर्णय: कुणी कुणाशी बोलायचं

क ने दोन वेळा मेसेज टाकला, "या रविवारी जमत नाही, दादा." पहिल्यांदा डीएमला वाटलं नोकरीची पाळी असेल. दुसऱ्यांदा त्याने ग्रुपवर काही न लिहिता थेट फोन केला, आणि दोघं सात रस्त्याजवळ चहाला भेटले. फोन आधीच करायला हवा होता, पण ग्रुपवर विषय न काढणं अगदी बरोबर होतं.

डीएमने तीन प्रश्न विचारले. खेळायचंय का? याच पात्राने खेळायचंय का? आणि हा विषय टेबलावर किती यावा?

क चं उत्तर डीएमच्या अपेक्षेहून वेगळं होतं. त्याचा राग खेळाडूंवर नव्हता. चोर जमात म्हणून निशार निवडताना तो बिचकलाही नव्हता, ताऱ्यांवरून वाट काढणारी माणसं त्याला आवडली होती. त्याला टोचलं ते वेगळंच. हजेरी लागली आणि ती का लागली हे विचारायची जागाच खेळात नव्हती, कारण वही म्हणत होती की ते चोरच आहेत. हजेरी राहू दे, पण ती ओळ कोणी लिहिली ते टेबलावर कळू दे, असं त्याचं म्हणणं. गटाला इतिहास समजावून सांगायला मात्र त्याने स्वच्छ नकार दिला. तो खेळायला येतो, शिकवायला नाही. डीएमने ते मान्य केलं.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय निशार जमात काढून टाकण्याचा. दहा मिनिटांचं काम. पण मग ज्याचं पात्र तो एकटाच हरतो आणि बाकीच्यांचं सगळं शाबूत राहतं. खऱ्या ठरावापेक्षा हे वाईट.

दुसरा, नववं सेशन झालंच नाही असं धरण्याचा. अशी सारवासारव किरकोळ चुकीला चालते. इथे सगळ्यांना आठवत असलेली गोष्ट सगळ्यांनी मिळून विसरल्यासारखं करायचं होतं, आणि क ला नेमकं तेच नको होतं.

तिसरा पर्याय डीएमला सगळ्यात जास्त आवडला होता: निशारांना सत्यवचनी, निरागस, पठाराचं ज्ञान जपणारी माणसं करून टाकायचं. मोह समजण्यासारखा आहे. पण त्यातही अख्ख्या जमातीला एकच स्वभाव उरतो, फक्त रंग बदलतो. शिवाय राजकारण मरतं. जी जमात चुकूच शकत नाही तिच्याशी करार करण्यात काय गंमत? एखादा निशार चोर असू शकतो, तसाच एखादा उंबळही. निशार असणं म्हणजे चोर असणं, एवढं वहीतून जायला हवं होतं.

चौथा पर्याय घडलेलं तसंच ठेवण्याचा आणि वहीतल्या प्रत्येक वाक्याला बोलणारा देण्याचा. जन्मजात चोर हे कुणाचं म्हणणं? चौकोटच्या नोंदवहीचं. चौकोट असं का लिहील? निशार रात्री प्रवास करतात आणि जकात नाकी सूर्यास्ताला बंद होतात. त्यांची जकात बुडते. ज्याच्याकडून कर वसूल होत नाही त्याला चोर म्हणणं दरबाराला सोयीचं. हे कारण हवेतून काढलेलं नाही. मद्रास इलाख्यात मीठ आणि धान्य वाहून फिरता व्यापार करणाऱ्या कोरवा लोकांचा धंदा रेल्वे आणि सरकारी मीठधोरणाने बसला, आणि पुढे तेच गुन्हेगार जमातींच्या यादीत गेले.

बोलणारा देण्याची रीत खेळविश्वांतही जुनी आहे. ग्लोरांथा या जगात, ज्यात १९७८ पासून रूनक्वेस्ट खेळला जातो, सूर्यसम्राटाच्या वधाची गोष्ट वादळदेवाचे लोक एक सांगतात आणि सूर्यपूजक दुसरी. एकांचा नायक तो दुसऱ्यांचा बंडखोर. खेळाडू कुठल्या जमातीचा, त्यावर त्याला कुठली कथा ठाऊक हे ठरतं. जमातींच्या राजकारणाला लागणारं इंधन या फरकातच असतं.

चौथा पर्याय ठरला. वेळ लागणार म्हणून एक सेशन मोहीम थांबवून गट बोर्डगेम खेळला.

काय केलं: वही

४० पानांवर चार रंगांचे पेन फिरले. चौकोट दरबाराचं म्हणणं लाल, दुसऱ्या जमातीचं हिरवं, जमातीचं स्वतःबद्दलचं निळं. काळ्यात फक्त डीएमचं खात्रीचं: अंतरं, ऋतू, पाण्याच्या जागा, कुणाकडे किती जनावरं. एखादं वाक्य कुठल्याच रंगात बसेना तर खोडायचं. अट एकच होती, स्वभाव काळ्या शाईत लिहायचा नाही.

निशारांच्या तीन ओळी लाल झाल्या. त्याखाली निळ्यात दोन आल्या, त्याही क ने सुचवलेल्या: निशार पोरांना कुलूप शिकवतात कारण सोमटांच्या मिठाच्या पेट्या दुरुस्त करायचं काम त्यांचं, आणि उघडलेली पेटी मालकासमोर परत बंद करायची हा त्यांचा रिवाज. तेच कौशल्य, पण सांगणारा बदलला आणि त्याबरोबर अर्थही. टोळी शब्द वहीभर खोडून जमात केला. सगळ्यात सोपी दुरुस्ती हीच होती आणि सगळ्यात जास्त खोडरबर तिलाच लागलं.

चपळाईचे अधिक २ जमातीकडून काढून खेळाडूच्या मर्जीवर सोडले. क ने ते चपळाईतच ठेवले.

काय केलं: सभा

आसनं सहा झाली. बोलण्याचा क्रम पक्का केला. ही कल्पना डीएमला गड्ड्याच्या यात्रेवरून सुचली. सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज ठरलेल्या मानाने निघतात आणि अडुसष्ट लिंगांची वाट चालतात. कुणाची काठी कितवी हे सोलापुरात लहान पोरालाही कळतं. मान पुढचा म्हणून सत्ता जास्त, असं तिथे नसतं. करड्या माळावर त्याने एवढंच घेतलं: क्रम म्हणजे मान, मत मात्र सगळ्यांचं सारखं. यात्रेतली नावं, विधी, देव खेळात आणले नाहीत, आणि ते योग्यच केलं. श्रद्धेची गोष्ट खेळात ओढली की टेबलावर दुसरं प्रकरण उभं राहतं.

आरोपाला किंमत लावली. आरोप करणाऱ्याने १२ जनावरं अनामत ठेवायची, एका ऋतूत, म्हणजे तीन सेशनमध्ये, पुरावा दिला नाही तर ती आरोपीची. आरोपीने दुसऱ्या जमातीतला एक जामीन आणायचा. जामीन मिळाला की हजेरी, जप्ती, कैद काहीही करता येत नाही.

हा नियम पहिल्याच सभेत फसला. वेहरांकडे मेंढरं ४००, निशारांकडे गाढवं ३०. सरसकट १२ म्हणजे वेहरांना शंभरातली तीन आणि निशारांना चाळीस. श्रीमंत जमात रोज आरोप करू शकते, गरीब जमात आयुष्यात एकदा. हे ड च्या लक्षात आलं. मग अनामत आपापल्या कळपाच्या दहाव्या हिश्श्यावर आणली: वेहर ४०, उंबळ २०, तोरख १२, सोमट ९, धसाड ६, निशार ३. मेंढरू आणि घोडा एका किमतीचे नाहीत, हे खरं. पण टेबलावर हिशेब झटपट होणं जास्त गरजेचं असतं, आणि दहावा हिस्सा तोंडी निघतो.

नात्यांचे अंकही आवरले. सहा जमाती म्हणजे १५ जोड्या, आणि डीएम त्या १५ च्या १५ दर सेशनला हलवू बघत होता. ते कुणालाच झेपत नाही. आता एका सेशनला तीनच जोड्या जिवंत, बाकीच्या गोठलेल्या. उणे ३ ते अधिक ३. अंकाशेजारी कारण लिहायचं, आणि ते कारण टेबलावर घडलेलं असायला हवं. निशारांचे सगळे उणे २ शून्यावर आले, कारण त्यांना कारणच नव्हतं. वेहरांशी मात्र उणे १ लिहिला गेला, हजेरीमुळे, आणि तो निशारांच्या बाजूने.

वेळही बांधावी लागली. पहिली नवी सभा दीड तास चालली आणि ई जांभया देत होता. पुढे वाळूचं घड्याळ आलं: प्रत्येकाला तीन मिनिटं बोलायला, दोन उलटतपासणीला. सहा जणांचा अर्धा तास, मतांना पाच मिनिटं.

एक चूक पुन्हा झाली

नवी वही गटापुढे ठेवताना डीएम म्हणाला, "क ला विचारूनच केलंय सगळं." हेतू चांगला होता. पण त्या वाक्याने बाकी चारही डोकी क कडे वळली, आणि ज्याने समजावून सांगायला नकार दिला होता तोच आता बदलाचं कारण ठरला. "वहीत माझी चूक होती, ती दुरुस्त केली," एवढं पुरलं असतं. कायद्याचा इतिहास डीएमने स्वतः वाचून स्वतः सांगायला हवा होता. तो त्याने नंतर सांगितला, तेव्हा अ सगळ्यात जास्त अस्वस्थ झाली, कारण हजेरी शब्द तिने उच्चारला होता. डीएमने तिला सांगितलं की नियमाने तिला तिकडे ढकललं. हे खरं होतं, पण अर्धंच. तिच्या पात्राचं उत्तरदायित्व खेळात उरतंच, आणि ते अ ने आपणहून उचललं. बाराव्या सेशनला वेहर प्रमुखाची मुलगी निशारांच्या तळावर रोजच्या मोजणीला स्वतः उभी राहिली, आपलंही नाव वहीत लिहून घ्यायला लावलं.

परिणाम

शिंग धसाड प्रमुखाच्या मेहुण्याने पळवलं होतं. मिठाचा करार झाला तर त्याच्या खाणीचा रस्ता ओस पडणार होता. हे डीएमने मोहीम सुरू होतानाच ठरवलं होतं आणि नंतर बदललं नाही. एक भर मात्र घातली: शिंगाची पेटी एका निशार पोराने मजुरीवर वाहून नेली होती, आत काय आहे हे न विचारता. क ने ती भर हसत स्वीकारली. सभेने पोराला त्याच्यापुरता एका गाढवाचा दंड केला. जमातीला काही नाही.

हजेरीची वही हे मोहिमेतलं सगळ्यात मोलाचं सामान ठरलं. ठराव मागे घेतला गेला तेव्हा ब ने वही जाळायचा प्रस्ताव आणला, सगळ्यांनी माना डोलावल्या. क नाही म्हणाला. त्याच्या पात्राने वही मागून घेतली. चौकोटच्या शिपायांनी त्या ऋतूत चार निशार उचलले होते, आणि आरोप ज्या संध्याकाळचा होता तेव्हा ते तळावर हजर होते याचा पठारावरचा एकमेव लेखी पुरावा त्या वहीतच होता. पुढच्या तीन सेशनचं सगळं राजकारण यातून निघालं. डीएमच्या डोक्यात यातलं काही नव्हतं.

ई गट सोडून गेला. त्याला लढाया हव्या होत्या, आणि सोळाव्या सेशनपर्यंत एकच लढाई झाली होती. त्याचं म्हणणं रास्त आहे. सभा आणि लढाई यांचं प्रमाण आधी विचारून ठरवलं असतं तर तो कदाचित राहिला असता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या बैठकीला वीस मिनिटं दिली गेली, तीही पात्रांचे कागद भरण्यात गेली. त्यात प्रत्येक जमातीची तीन वाक्यं मोठ्याने वाचली असती तर भामटे हा शब्द तिथेच कानाला खटकला असता. डोळ्यांनी वाचताना तो सरकून जातो. वाचून झालं की प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न: हे कोण म्हणतं? उत्तर "सगळ्यांना ठाऊक आहे" असं आलं तर ते वाक्य संशयित.

सभा बांधताना आधी हे तपासावं: ज्याच्यावर आरोप होईल तो बोलू शकतो का, आणि आरोप करणाऱ्याचं काय जातं? निव्वळ या दोन प्रश्नांनी नवव्या सेशनचा ठराव अडला असता, कुणाला विमुक्तांचा इतिहास माहीत नसता तरी. निशाराला आसन असतं आणि अ ला ४० मेंढरं अनामत ठेवावी लागली असती, तर शिंगाचा तपास आधी झाला असता.

आणि फाशाचं गणित. घरचा नियम करताना एका फाशाची शक्यता सगळे बघतात. राजकारणात मात्र लागोपाठ तीन-चार फासे लागतात आणि तिथे चाळीस टक्क्यांचे सहा होतात. नियम लिहिला की तीन फाशांचं गणित कागदावर करून बघावं. पाच मिनिटं लागतात.

वहीचं रंगकाम अजून पूर्ण झालेलं नाही. ई गेल्यावर धसाड डीएमच्या हाती आले, आणि त्यांची दोन पानं अजून जुन्याच शाईत आहेत. पहिली ओळ: "धसाड रागीट असतात." हे कोण म्हणतं, ते अजून लिहायचं आहे.